जिल्ह्याचं ठाणं झालं की गावात नेमकं काय बदलतं? (हिंगोली, लातूर, जालनावाल्यांना प्रश्न)

आंबा_मंडीबाजार

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा. आमच्याकडं जिल्ह्याची मागणी माझ्या वडलांच्या तरुणपणापासून चालू आहे, मोर्चे झाले, गाव बंद झालं, निवेदनं तर किती गेली त्याचा हिशोबच नाही. जिल्हा कुणी अडवला, कुठल्या पक्षानं शब्द दिला न् फिरवला, हा माझा विषय नाही, त्यावर आधी भरपूर भांडून झालंय. मला फक्त एवढं विचारायचंय की ज्यांचं गाव खरंच जिल्ह्याचं ठाणं झालं, म्हणजे जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला, तिथल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला? प्लॉटचे भाव वाढले हे माहीत आहे. त्याच्यापलीकडचं सांगा.

विचारायचं कारण असं की आमच्याकडं अर्धा जिल्हा तर आधीच येऊन बसलाय. अपर जिल्हाधिकारी आहेत, अपर पोलीस अधीक्षक आहेत, गाडीवर एमएच ४४ आमचा स्वतःचा आहे, वरचं कोर्ट आहे, आणि १९७४ चं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) मेडिकल कॉलेज आहे जे ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं म्हणून सांगितलं जातं. तरी कलेक्टरची सही पाहिजे, झेडपीचं काम आहे, तर बीड. जाऊन येऊन पावणेदोनशे किलोमीटर, आख्खा दिवस जातो, आणि साहेब मीटिंगला गेले असले तर दुसरा दिवस पण जातो. बीड जिल्हा आहे पण केवढा, अकरा तालुके, एका टोकाला आष्टी जिथल्या माणसाला नगर जवळ पडतं आणि दुसऱ्या टोकाला आम्ही ज्यांना लातूर जवळ पडतं.

आणि गाव म्हणाल तर जुनं आहे हो. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथं, दासोपंत इथले, योगेश्वरीच्या दर्शनाला थेट कोकणातून लोक येतात कारण ती त्यांची कुलदेवता. निजामाच्या काळात मोमिनाबाद नाव होतं. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून इथं आले, इथल्या योगेश्वरी शाळेत शिकवलं आणि १९३८ ला शाळा सोडून हैदराबादच्या लढ्यात उतरले. १९८३ ला साहित्य संमेलन पण झालं. म्हणजे शाळा, दवाखाना, कोर्ट, वाङ्मय, सगळं आहे, कलेक्टर तेवढा नाही. मग कलेक्टर आल्यानं अजून काय होणार आहे, हे ज्यांनी बघितलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. मोठं लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

पेन्शनपुरा_हिंगोली

बरं विचारलंत. मी महसूल खात्यात कारकून होतो, आता रिटायर आहे. १ मे १९९९ ला आमचा जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीतच होतो त्यामुळं आतून बघितलंय, सांगतो.

पहिली गोष्ट, जिल्हा झाला म्हणजे फलक लागला. तेवढंच एका दिवसात होतं. बाकीचं सगळं तुकड्यातुकड्यानं येतं. आधी कलेक्टर आणि एसपी बसतात, तेही कुठंतरी जुन्या इमारतीत दाटीवाटीनं, मग झेडपीची वाटणी, मग कर्मचाऱ्यांची वाटणी, आणि सगळ्यात किचकट म्हणजे कागदांची वाटणी. परभणीच्या रेकॉर्ड रूममधून आपल्या पाच तालुक्यांचं म्हणजे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमतचं दप्तर वेगळं काढायचं होतं, आणि मराठवाड्यातलं जुनं दप्तर म्हणजे काय असतं तुम्हाला ठाऊक असंल, अर्धं उर्दूत, काही मोडीत, त्यानंतरचं ५४ सालचं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदींचं), बांधलेली गाठोडी, वर लाल कापड. ते वाचणारे जुने लोक तेव्हाच कमी राहिले होते. ज्याच्या जमिनीचा वाद चालू आहे त्याला त्या काळात लई चकरा पडल्या, परभणीत विचारलं तर म्हणायचे हिंगोलीला गेलं, हिंगोलीत विचारलं तर अजून आलं नाही. तुमचा जिल्हा झालाच तर ही गोष्ट आधीपासून डोक्यात ठेवा, गावातल्या जाणत्या वकिलांनी आणि पत्रकारांनी दप्तराच्या मागं लागायला पाहिजे, उद्घाटनाच्या मागं नाही.

दुसरी गोष्ट, सगळं वेगळं होत नाही. आज इतकी वर्षं झाली तरी आमच्या शेतकऱ्याची जिल्हा बँक परभणीचीच आहे, आणि विधान परिषदेचा स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ परभणी-हिंगोली असा एकच आहे. सरकारी मेडिकल कॉलेज आलं ते २०२४ ला, म्हणजे जिल्हा झाल्यावर पंचवीस वर्षांनी. तुमच्याकडं ते पन्नास वर्षांपासून आहे. त्या हिशोबानं आम्ही तुमच्याकडं बघायचो, पेशंट सिरियस झाला की आमचं वाहन नांदेडला पळायचं आणि अजूनही बऱ्याच वेळा पळतं.

पण बदल झालाच नाही असं मी म्हणणार नाही. जिल्हा नियोजन समिती स्वतःची झाली ही सगळ्यात मोठी गोष्ट. आधी परभणीच्या बैठकीत आमचा नंबर शेवटी लागायचा, रस्ते, शाळाखोल्या, तलावाची दुरुस्ती, काही असू द्या. आता पैसा कमी आला तरी वाटा आपला असतो आणि तो कुठं गेला हे विचारायला समोर माणूस असतो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन आपल्या गावात पालकमंत्र्यांच्या हातून होतं, माझ्या ओळखीतले जुने स्वातंत्र्यसैनिक होते त्यांना ह्याचं फार अप्रूप होतं, आधी त्यांना परभणीला बोलावणं यायचं आणि वयामुळं जाणं व्हायचं नाही.

आता गावाचं म्हणाल तर, हिंगोली हे जिल्ह्यामुळं गाव झालेलं नाही. गावात वस्त्यांची नावं बघा, पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही सगळी छावणीची नावं. आणि आमचा दसरा बघा. खाकीबाबा मठानं सुरू केला, रामलीला मैदानावर भरतो, दीडशे वर्षांच्या वर झाली. जिल्हा नव्हता तेव्हाही खेड्यापाड्यातून बैलगाड्या भरून लोक यायचे, प्रदर्शनं लागायची, रामलीला व्हायची, रावण जळायचा. इथं कुठला अधिकारी आहे न् कुठला गेला ह्याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, लोकांनीच चालवला. गाव म्हणून आमची ओळख विचाराल तर मी दसरा सांगीन आणि हळद सांगीन, कलेक्टर ऑफिस तिसऱ्या नंबरला.

गोलाईवाला_लातूर

लातूरचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडं आधी बाजार मोठा झाला मग जिल्हा आला. गंजगोलाईचा आराखडा १९१७ सालचा आहे, गोल बाजार, मधी जगदंबेचं मंदिर, सोळा रस्ते येऊन मिळतात, प्रत्येक रस्त्यावर वेगळा माल. तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होतो, पण आडत, डाळ, तेल सगळं लातूरात. १६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा झाला तो ह्या बाजाराच्या जिवावर झाला असं माझं मत आहे. नंतर कॉलेजं, क्लासेस, लातूर पॅटर्न, बाहेरगावची पोरं, खानावळी, हे वाढत गेलं, त्यातलं किती ठाण्यामुळं न् किती शिक्षणामुळं हे वेगळं काढता येत नाही.

पण एक विसरू नका. २०१६ ला जिल्ह्याचं ठाणं, महापालिका, सगळं असून आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तेच धनेगावचं धरण ज्याच्यावर तुमचं अंबाजोगाई पण आहे. त्या उन्हाळ्यात पाण्याची घागर घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला जिल्हा कोणता हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आणि मागणी थांबत नाही बरं का, जिल्हा मिळाला की आयुक्तालय पाहिजे होतं, त्यावरून लातूर न् नांदेडची ओढाताण किती वर्षं चालली सगळ्यांना माहीत आहे. माझा सल्ला, ठाणं मागा पण आधी पाणी मागा.

बोरीकाठ_नळदुर्ग

सगळे जिल्हा झाला कसा ते सांगायलेत, मी गेला कसा ते सांगतो. म्हणजे कसा गेला त्यापेक्षा गेल्यावर काय उरतं ते.

मी नळदुर्गचा. आजच्या पोरांना पटत नाही पण निजामाच्या राज्यात आत्ताच्या धाराशिव जिल्ह्याचं नाव नळदुर्ग जिल्हा होतं. १८५३ च्या तहात वऱ्हाडाबरोबर हा भाग इंग्रजांनी आपल्याकडं घेतला, तेव्हा मेडोज टेलर हा इथला डेप्युटी कमिशनर होता, १८६० ला परत निजामाला दिला. पुढं ठाणं धाराशिवला गेलं आणि जिल्ह्याचं नावही बदललं. इथपर्यंत ठीक आहे, ठाणी हलतात. पण आज नळदुर्ग कुठं आहे विचारा. तुळजापूर तालुक्यात. म्हणजे जो जिल्हा होता तो आज तालुकासुद्धा नाही. सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत तहसीलचं कुठलंही काम असलं की तुळजापूर. तालुक्याची मागणी आमची कित्येक वर्षांची आहे, तुमच्या जिल्ह्याच्या मागणीसारखीच, फक्त एक पायरी खाली.

गाव मात्र मेलेलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. नगरपरिषद आहे, सोलापूर-हैदराबाद हायवे अंगावरून जातो त्यामुळं हॉटेलं, गॅरेजं, पंक्चरवाले, भाजीवाले सगळे जगतात, आठवडी बाजार जोरात भरतो. आणि किल्ला. किल्ल्यातला पाणीमहाल १६१३ सालचा, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, बोरी नदीवर भक्कम बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढलाय. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की नर-मादी धबधबे सुरू होतात, बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं आणि तुम्ही आत पाणीमहालात उभे राहिलात तर समोर पाण्याचा पडदा न् अंगावर थेंब नाही. चारशे वर्षं झाली, किती राज्यं आली गेली, बंधारा उभा आहे. त्या काळच्या लोकांना पाणी अडवायचं, वळवायचं, सोडायचं ज्ञान केवढं होतं ह्याचा विचार केला की मला आमच्या गावाचा अभिमान वाटतो, जिल्हा असल्याचा अभिमान त्याच्यापुढं किरकोळ आहे.

पण ठाणं गेलं की काय जातं सांगू का, वकील जातात. वकील गेले की त्यांच्याबरोबर लायब्ररी जाते, सभा जातात, नाटकं जातात, चार शिकलेली घरं जातात आणि मग त्या घरातली मुलं ज्या शाळेत असायची त्या शाळेवर लक्ष ठेवणारं कुणी राहत नाही. हे एकदम होत नाही, दोन पिढ्या लागतात. आमच्याकडं जुने वाडे बघितले की कळतं की इथं कधीतरी कचेरीची माणसं राहत होती. तुमच्या आंब्याचं (अंबाजोगाईचं) कोर्ट आणि कॉलेज ही खरी मोठी इस्टेट आहे, ती कुठं हलणार नाही ह्याची काळजी आधी घ्या.

जुनं_दप्तर

नळदुर्गकरांनी १८५३ चा तह काढला म्हणून राहवलं नाही. हिंगोलीच्या काकांनी वस्त्यांची नावं सांगितली, पलटण, रिसाला वगैरे, त्याचा आणि अंबाजोगाईचा जवळचा संबंध आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे.

निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. तिच्या छावण्या होत्या बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद, वऱ्हाडात एलिचपूर (आजचं अचलपूर), अशा ठिकाणी. मोमिनाबादला घोडदळ होतं. हिंगोलीची छावणी १८१९ पासून होती. ह्या फौजेचा खर्च थकला म्हणूनच १८५३ चा तह झाला आणि वऱ्हाड, नळदुर्ग, रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०३ ला कंटिंजंट मोडून इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत मिसळली आणि ह्या छावण्या उठल्या.

आता गंमत बघा, ज्या गावांबद्दल हा धागा चालू आहे, जालना, हिंगोली, अंबाजोगाई, ती तिन्ही एकाच फौजेची गावं. छावणी आली की तिच्यामागं सदर बाजार येतो, सावकार येतो, कापडवाला येतो, चामड्याचं काम करणारे, घोड्याला नाल ठोकणारे, भिस्ती, धोबी, खानसामे, देशाच्या वेगवेगळ्या भागातले लोक येऊन राहतात आणि पेन्शन घेऊन तिथंच घर बांधतात. म्हणून ह्या गावांत मराठी, दखनी, तेलुगू, मारवाडी, हिंदी सगळं एका गल्लीत ऐकू येतं. जालन्यातही सदर बाजार आहेच.

आणि जिल्हा ही कल्पनाच इकडं फार जुनी नाही. निजामाचा दिवाण सालारजंग, त्यानं १८६५ ला जिल्हाबंदी केली म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले, त्याआधी वसुली मक्त्यानं दिलेली असायची. जिल्हाबंदीनंतर कलेक्टरच्या जागी अव्वल तालुकदार बसला, त्याच्याखाली दुय्यम तालुकदार, मग तहसीलदार. जुन्या कागदात तालुकदार दिसला तर तालुक्याचा अधिकारी समजू नका, तो जिल्ह्याचा असतो, ह्यात लई लोक फसतात. १९४८ नंतर आणि पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो तेव्हा मराठवाड्याचे पाचच जिल्हे होते, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. आज आठ आहेत. हिंगोली हा मराठवाड्यातला शेवटचा, आणि राज्यात पालघर, २०१४ चा, त्यानंतर एकही नवीन जिल्हा झालेला नाही.

म्हणजे तुमच्याकडं छावणी उठली तेव्हा गाव ओस पडायला पाहिजे होतं, पण पडलं नाही. घोडदळ गेलं आणि काही दशकांत त्याच गावात शाळा उभी राहून रामानंद तीर्थांसारखा माणूस तिथं शिकवायला आला. हे कसं झालं, गावातल्या कुणी देणग्या दिल्या, कुणी जागा दिली, ह्याचा शोध अंबाजोगाईच्या माणसानंच घ्यायला पाहिजे. नगरपरिषदेत जुनी ठराव बुकं असतील, शाळेत जुनी रजिस्टरं असतील, वाळवी लागायच्या आधी फोटो काढून ठेवा.

आंबा_मंडीबाजार

वा, सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरवाले दादा, घोडदळाचं मला माहीत होतं पण हिंगोलीचं न् आमचं एकच म्हणून हे पहिल्यांदा कळायलंय. शाळेच्या रजिस्टरांचं मी नक्की विचारतो, ओळखीचे सर आहेत.

नळदुर्गकर काका, तुमचं वकिलांचं वाचून पोटात कसंतरी झालं. आमच्याकडं संध्याकाळी व्याख्यान असलं, शास्त्रीय गाणं असलं की पहिल्या चार रांगांत बसलेले लोक बघितले तर कोर्टातले, कॉलेजातले आणि मेडिकलचे डॉक्टर हेच असतात. म्हणजे हे सगळं टिकलंय ते त्या तीन संस्थांमुळं टिकलंय, हे कधी असं एकत्र ध्यानात आलं नव्हतं.

पण माझा प्रश्न अजून अर्धा आहे. रोजच्या जगण्यात काय फरक पडला? काकांनी नियोजन समितीचं सांगितलं, ते पटलं. साध्या माणसाचं सांगा कुणीतरी.

सेनगावची_ताई

मी सांगते. दादा राग मानू नका पण तुम्ही प्रश्न चुकीच्या माणसांना विचारायलात. ठाण्याच्या गावातल्या माणसाला फरक विचारायलात, त्याचं काय, त्याच्या दारात ऑफिस आलं न आलं. फरक आमच्यासारख्यांना विचारा.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, हायवेपासून आत. माझा थोरला भाऊ पायानं अधू आहे. परभणी जिल्हा होता तेव्हा त्याच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी आई त्याला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जायची. पहाटेची एसटी, मध्ये गाडी बदलायची, भावाला उचलून चढवायचं न् उतरवायचं, तिथं गेल्यावर डॉक्टरांचं बोर्ड आज बसत नाही म्हणायचे, मग मुक्काम. मुक्काम कुठं तर स्टँडवर. ओळखीचं कोण असणार परभणीत. बाईमाणूस, बरोबर अधू पोरगं, रात्रभर स्टँडवर, हे तुम्ही डोळ्यासमोर आणा. ते सर्टिफिकेट नाही म्हणून पासमध्ये सवलत नाही, पगार नाही, काही नाही.

हिंगोली जिल्हा झाल्यावर जिल्हा रुग्णालय हिंगोलीला आलं. बोर्डाची गर्दी आहेच, चकरा आहेतच, सगळं गोड झालं असं नाही. पण सकाळी जायचं न् दिवस मावळायच्या आत घरी. आईनं मुक्काम करायची वेळ गेली. माझ्या लेकीच्या जातपडताळणीला गेले तर मी एकटी गेले, नवऱ्याला रानातलं काम सोडून यावं लागलं नाही. बाईला एकटीला जाऊन संध्याकाळी परत येता येतं एवढ्या अंतरावर सरकार असणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते ज्याच्या घरापासून ऑफिस चालत आहे त्याला कळणार नाही. माझ्या बघण्यात बचत गटाच्या बायका आता झेडपीत स्वतः जातात, अधिकाऱ्याशी बोलतात, आधी सरपंचाच्या नाहीतर नवऱ्याच्या हाती कागद द्यायच्या आणि तो कागद पोचला का नाही हे कधी कळायचं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अंबाजोगाईत कोण काय म्हणतंय ते सोडा. केजच्या, धारूरच्या, परळीच्या खेड्यातल्या बाईला विचारा तिला कुठं सोयीचं आहे. ती म्हणाली आंबा तर तुमची मागणी खरी. ती म्हणाली बीडच बरं, एसटी थेट आहे, तर मग तुमचं गाव किती का जुनं असंना. मुकुंदराजांची समाधी आहे म्हणून कलेक्टर द्या, हे मला पटत नाही. समाधीला आम्ही नमस्कार करतो, पण ऑफिस माणसाच्या पायाच्या हिशोबानं पाहिजे.

पेन्शनपुरा_हिंगोली

ताई, अगदी खरं बोललात. मी ऑफिसच्या आतल्या बाजूनं सांगितलं, तुम्ही खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं सांगितलं, आणि तुमचंच जास्त महत्त्वाचं आहे. खिडकीपाशी नातू धरून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाया मी नोकरीत रोज बघितल्यात.

एकच भर घालतो. ठाण्याचं गाव आणि नगरपरिषद ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कलेक्टर आले म्हणून नाली साफ होत नाही, ती नगरपरिषदच करणार. हिंगोली काय न् अंबाजोगाई काय, २०११ च्या जनगणनेत दोन्ही गावं लाखाच्या आतच आहेत. आणि त्या नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या, प्रशासकच बघत होते सगळं, २०२५ च्या डिसेंबरात एकदाचं मतदान झालं. तेवढ्या काळात वार्डातल्या माणसानं पाण्याच्या पाइपलाइनची तक्रार कुणाकडं करायची हेच त्याला कळत नव्हतं, नगरसेवकच नाही तर. जिल्ह्याच्या मागणीला हजार लोक जमतात, त्यातले शंभर जरी नगरपरिषदेच्या सभेला जाऊन बसले, बजेट मागून वाचलं, तर गाव बदलेल. हे मी आमच्या गावाला पण सांगतो, तुम्हालाच म्हणून नाही.

गोलाईवाला_लातूर

काका बरोबर. आणि ताई, रेल्वेचं पण तसंच आहे बघा. अंबाजोगाई गावाला स्टेशन नाही, तालुक्यातल्या घाटनांदूरला आहे, परळी-लातूर रोड लाइनवर. आणि बीड जिल्ह्याचं ठाणं असून बीड शहरात रेल्वे आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला, नगरहून. म्हणजे ठाणं असलं की सगळं येतं असं नाही.

कुरुंदा_हळदवाला

वसमत तालुक्यातून. मी शेतकरी आहे, हळद करतो. जिल्ह्यामुळं काय झालं विचाराल तर आमच्याकडं हळदीला धरून थोडंफार झालं असं मी म्हणीन. वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झालं, वसमत हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. परभणी जिल्ह्यात असतो तर परभणीला कृषी विद्यापीठ असल्यामुळं सगळं तिकडंच गेलं असतं असं आमच्यातले लोक म्हणतात, मला ते थोडं पटतं. औंढ्याजवळ लायगोचं काम आहे, २६०० कोटींचं, अंतराळातल्या लहरी मोजायचं यंत्र. लहान जिल्हा आहे म्हणून असल्या गोष्टीवर सगळ्यांचं लक्ष जातं, शाळेतली पोरं तिथं काय होणार म्हणून विचारायलेत. मोठ्या जिल्ह्यात हे एका कोपऱ्यात पडलं असतं.

पण ताईंचं म्हणणं माझ्या बाबतीत उलटं आहे हे पण लिहून ठेवा. आम्हाला कुरुंद्याहून नांदेड जवळ पडतं. बाजार नांदेडला, दवाखाना नांदेडला, पोरगी नांदेडला शिकायलीय. हिंगोलीला जायचं ते फक्त सरकारी कागदाला. नकाशावर रेघ ओढली की कुणाला तरी लांब पडतंच.

आंबा_मंडीबाजार

ताई, राग कशाचा, उलट तुमच्यामुळं नीट कळालं काय विचारायचं ते. मी आणि माझे दोन मित्र येत्या बाजाराच्या दिवशी सुरुवात करतो, केज आणि धारूरच्या स्टँडवर उभं राहून लोकांना विचारतो की सरकारी कामाला कुठं जाता, किती वाजता निघता, किती वाजता परत येता. हळदवाले दादा, तुमच्यासारखे उलटं सांगणारे पण लिहून घेऊ, निवेदनात सोयीचं तेवढंच घातलं असं व्हायला नको. अजून काय विचारावं, सुचवा.

सेनगावची_ताई

बायकांना वेगळं विचारा, नवऱ्यासमोर नको. बरोबर कोण येतं ते विचारा, आणि मुक्काम पडला तर कुठं राहता ते पण. शेवटची एसटी किती वाजता आहे ते डेपोतून लिहून घ्या, लोक अंदाजानं सांगतात. आणि परळीला पण जा, तिकडच्या लोकांना अंबाजोगाई ठाणं नको असंल तर तेही तसंच लिहा.